भिंत सव्वाशे, खुर्ची आठ

१

बायको मार्लिस वारल्यावर अकरा आठवड्यांनी आर्व्हो केतोलाने तिचा कॅमेरा पहिल्यांदा हातात घेतला, तोही जोडी राऊटिओ या बाईने गळ घातली म्हणून.

जोडी घरं विकायचं काम करायची. हॅनकॉक गावात किंवा पुलापलीकडे कुणाचं घर विकायला निघालं की त्याचे फोटो मार्लिस काढायची. नऊ वर्षं हेच चाललं होतं. आता जोडीला दुसरं कुणीही मिळालं असतं. पण फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती पॅस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, द्यायला म्हणून आली, तेव्हा आर्व्हो कोट आणि टोपी घालून स्वयंपाकघरात बसलेला होता. बाहेर जायचं म्हणून नव्हे. सकाळी उठल्यावर त्याने ते चढवले होते आणि पुढे काय करायचं ते त्याला सुचलं नव्हतं.

जोडीने पॅस्टी ओव्हनमध्ये ठेवली आणि म्हणाली, “एक रिकामं घर आहे. घाई नाही. कॅमेरा घरातच आहे ना? तुम्हीच काढा फोटो.”

“मी चौतीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ ढकलला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“मग शिका. नाहीतरी दुसरं काय करताय?”

आर्व्होला हे लागलं, पण राग आला नाही. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याच्याशी जपून न बोलता बोललं होतं.

२

कॅमेऱ्याच्या पिशवीत एक कागद घडी करून ठेवलेला होता. मार्लिस दर शनिवारी सकाळी वाचनालयात सात-आठ जणांना कॅमेरा शिकवायची, तिथे वाटायचा तो कागद. तिच्याच अक्षरातली झेरॉक्स.

‘कॅमेरा नवऱ्यासारखा असतो,’ अशी सुरुवात होती. ‘समोरचं सगळं त्याच्या डोळ्यांत जातं, पण त्यातलं महत्त्वाचं काय ते कळत नाही. ते बोट लावून दाखवावं लागतं.’ हे वाचून दाखवलं की वर्ग मागे वळून आर्व्होकडे बघायचा. तो मागच्या रांगेत खुर्च्या लावायला आलेला असायचा.

पुढे लिहिलं होतं की, कॅमेऱ्याला वस्तू दिसत नाहीत, फक्त उजेड किती ते कळतं. आणि त्याची अशी पक्की समजूत आहे की जग करड्या रंगाचं आहे. बर्फ दाखवा, तो त्याला करडा करतो. काळा कोट दाखवा, तोही करडा करतो. म्हणून उजेड कुठला मोजायचा हे आपण ठरवायचं. त्याच्या तीन तऱ्हा. एक, सगळी चौकट मिळून. दुसरी, मधल्या भागाला जास्त मान. तिसरी, फक्त मधला ठिपका, शर्टाच्या बटणाएवढा, बाकी जग गेलं उडत.

खाली पायऱ्या होत्या. पांढरी भिंत किंवा बर्फ, करड्याहून दोन पायऱ्या उजळ. माणसाचा चेहरा, म्हणजे आपल्याकडच्या फिकट लोकांचा, एक पायरी उजळ. काळे केस, गडद लोकर, दोन पायऱ्या खाली. पायरीगणिक कॅमेऱ्यात दिसणारा आकडा दुप्पट होतो नाहीतर निम्मा. आकडा मोठा तर समोरची जागा उजळ, लहान तर काळोखी.

आर्व्होने कागद तीनदा वाचला. जिवंतपणी तिने हे त्याला किमान वीसदा समजावलं असेल. दरवेळी तो हो हो म्हणायचा.

३

मग रोजचा क्रम ठरून गेला. सकाळी दहाला कॉफी करायची, कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर चढवायचा आणि स्वयंपाकघरातच सराव करायचा. त्या दिवसांत सरोवरावरून ढग आले की दिवसचे दिवस हलत नव्हते. खिडकीतून पांढरा, सपाट उजेड यायचा आणि दुपारपर्यंत तसाच राहायचा. शिकायला तो बरा, असंही कागदावर लिहिलं होतं.

पहिल्या तऱ्हेने सगळं स्वयंपाकघर मोजलं, आकडा आला तीस. दुसऱ्या तऱ्हेनेही तीसच, जरासा इकडेतिकडे. मग त्याने ठिपका लावला. चुलीवरचं काळं पातेलं, आठ. खिडकीशेजारची पांढरी भिंत, सव्वाशे. कागदात म्हटलं होतं तसंच सगळं. आर्व्होला शाळेत गणित सुटल्यावर व्हायचा तसला आनंद झाला आणि हे कुणाला सांगावं म्हणून तो मागे वळलासुद्धा.

चौथ्या दिवशी भिंतीवरून ठिपका हळूहळू सरकवत नेताना तो मार्लिसच्या खुर्चीवर आला. खिडकीजवळची पिवळी लाकडी खुर्ची. बसणीपासून हातभर वर, पाठीच्या लाकडाच्याही वर, जिथे मागची भिंतच दिसत होती, तिथे ठिपका थांबला.

आठ.

त्याने डोळा काढून बघितलं. पांढरी भिंत. तीच भिंत, तोच रंग, त्यानेच दोन उन्हाळ्यांमागे दिलेला. पुन्हा डोळा लावला. डावीकडे वीतभर, सव्वाशे. उजवीकडे वीतभर, सव्वाशे. मध्ये, खुर्चीच्या वर, आठ.

म्हणजे तिथे काहीतरी काळं होतं.

त्याने काच पुसली. पडदा काढून टाकला. भिंतीवर ओल आली असेल म्हणून हात फिरवून बघितला. हात खुर्चीच्या वरून नेताना मात्र तो वळसा घालून गेला, आणि आपण वळसा का घातला हे त्याने स्वतःला विचारलं नाही. बटण दाबून फोटो काढला तर त्यात काही नव्हतं. फोटो नुसता फटफटीत पांढरा आला, चार पायऱ्या जास्त उजेड घेतला की येईल तसा.

फ्रिज घरघरत होता. छपरावरचा बर्फ एकदा घसरून धप्पकन मागच्या अंगणात पडला. आर्व्होने कॉफी संपवली आणि कॅमेरा जुना झाला असेल अशी मनाची समजूत घातली.

४

जोडीने सांगितलेलं घर त्याने त्याच आठवड्यात केलं. नळाला पाणी नाही, शेगडी बंद, हात गारठून गेले. प्रत्येक खोलीत त्याने ठिपका कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवला. भिंती भिंतींसारख्या होत्या, दारं दारांसारखी. एक आकडा चुकला नाही. रिकामी न्हाणी, रिकामी कपाटं, वरच्या मजल्यावर कुणीतरी विसरलेली एक लहान खुर्ची, तिच्या वरही फक्त भिंत.

म्हणजे कॅमेरा धडधाकट होता. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की, तो बिघडलेला निघाला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्याने क्रिस्टाच्या शाळेतल्या सामानातून चौकटींची वही शोधली. क्रिस्टा त्याची मुलगी. ती मिनीॲपोलिसला असायची आणि दर रविवारी फोन करायची. पुढचे तीन दिवस त्याने खुर्चीच्या आसपासची हवा बोट-बोट अंतराने मोजली आणि प्रत्येक आकडा चौकटीत लिहिला. रस्ता साफ करताना तो असाच करायचा, एक पट्टा झाला की शेजारचा पट्टा. सव्वाशेच्या चौकटी कोऱ्या ठेवल्या, आठच्या पेन्सिलने काळ्या केल्या. आठ आणि सव्वाशेच्या मधलं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वही दूर धरून बघितली. वर गोल. खाली निमुळता भाग. मग दोन्हीकडे उतरते खांदे, डावा थोडा जास्त उतरता.

मार्लिसचा डावा खांदा उतरता होता. नऊ वर्षं कॅमेऱ्याची पिशवी त्याच खांद्यावर असायची.

आर्व्होने उठून खुर्ची उचलली. ती नेहमीएवढीच हलकी होती. त्याने ती पलीकडे, मीठ-पिठाच्या कपाटाजवळ ठेवली. कपाटही पांढरंच होतं. जुन्या जागी ठिपका लावला, सव्वाशे. नव्या जागी लावला, सव्वाशे. त्याच्या जिवात जीव आला. त्याने कॉफी ओतून घेतली, एक घोट घेतला आणि सहज पुन्हा डोळा लावला.

कपाटाजवळ, खुर्चीच्या वर, आठ.

ती मधल्या वेळात येऊन बसली होती.

५

दुसऱ्या दिवशी जोडी फोटो न्यायला आली. फोटो बरे आले होते. खिडक्या जळाल्या नव्हत्या, म्हणजे जास्त उजेडाने कोऱ्या पांढऱ्या झाल्या नव्हत्या, कोपरे काळे पडले नव्हते. तिने मनापासून शाबासकी दिली आणि मार्लिसला अभिमान वाटला असता, असंही म्हणाली. आर्व्होने खुर्ची पुन्हा खिडकीजवळ ठेवलेली होती.

“जरा एक काम कर,” तो म्हणाला. “माझे डोळे आताशा दगा देतात. यातून बघ आणि खालचा आकडा वाच.”

जोडीच्या एका हातात गाडीची किल्ली होती. तिने वाकून डोळा लावला.

“साठ.”

“नीट बघ.”

“साठच आहे. का, किती हवा होता?”

आर्व्होने तिला बाजूला करून बघितलं. कॅमेरा तसूभरही हलला नव्हता. आठ. त्याने पुन्हा तिला बोलावलं. साठ. मग त्याने तिला शेजारची भिंत मोजायला लावली. सव्वाशे. स्वतः मोजली. सव्वाशे. तो पुन्हा खुर्चीवर आला. आठ.

“चष्मा बदला,” जोडी हसून म्हणाली. कोटाची बटणं लावता लावता तिने बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. पुढचं घर कुठलं, रस्ता कसा आहे, जेवत जा. जाताना ती दारात क्षणभर थांबली आणि म्हणाली, “इथे बरं वाटतं हो. अजून कुणीतरी घरात असल्यासारखं वाटतं.”

तिची गाडी उतारावरून खाली गेल्यावर आर्व्होने कागद उघडला. पाठ झाला होता तरी उघडला. तीस म्हणजे करडा. सव्वाशे म्हणजे पांढरी भिंत. आठ म्हणजे काळे केस. चौसष्टाव्या वर्षीही मार्लिस दर महिन्याला डबीतला काळा रंग लावायची आणि मोरीला डाग पडले म्हणून तोच तिच्यावर करवादायचा.

आणि साठ म्हणजे माणसाचा चेहरा.

जोडीला चेहरा दिसत होता. तिला ते कळलं नव्हतं, कॅमेऱ्याला कळलं होतं. त्याच जागेवरून, त्याच मिनिटाला, आर्व्हो बघायला आला की आठ.

त्याने कपाटातून पलंगपोस काढला, पांढरा, आणि खुर्चीच्या पलीकडे दोरीवर टांगला, म्हणजे मागची बाजू सगळीकडून सारखीच. डावीकडून बघितलं, आठ. पलंगपोस फिरवला. उजवीकडून, आठ. खिडकीला पाठ लावून समोरून, जिथून तिचा चेहराच दिसायला हवा तिथून, आठ. तो गुडघ्यांवर बसला, स्टुलावर चढला. सगळीकडून फक्त केस.

तो जिकडे जाईल तिकडे ती पाठ करत होती.

६

त्यानंतर आर्व्हो स्वयंपाकघरात जेवायचा बंद झाला. थाळी घेऊन तो बोळकांडीत उभ्या-उभ्या खायचा. दहा वाजता मात्र पाय आपोआप तिकडे वळत. एकदा आकडा बघायचा आणि मागच्या मागे बाहेर यायचं. भीती तर होतीच. मानेवर गार हात ठेवल्यासारखी ती दिवसभर राहायची. पण भीतीखाली दुसरंही काही होतं आणि ते जास्त जड होतं. ती पाठ का करते हे त्याला ठाऊक होतं.

मार्लिस गेली त्या सकाळी काय झालं ते त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांना, पाद्रीबाईंना, क्रिस्टाला. तिने कपाळाला हात लावला, मी जवळच होतो, हात हातात घेतला, दोन मिनिटांत सगळं संपलं. क्रिस्टा फोनवर रडत म्हणाली होती, निदान तुम्ही जवळ होतात.

तो जवळ नव्हता. तो मागच्या शेडमध्ये बर्फ उडवायच्या यंत्राचा पट्टा बदलत होता. दार उघडं होतं. मार्लिसने खिडकीतून हाक मारली होती, “आर्व्हो, जरा इकडे ये ना.” आवाज जरा जड होता. तो म्हणाला, आलो. आणि पट्टा नीट बसेना म्हणून वीस मिनिटं तिथेच राहिला.

तो आत आला तेव्हा ती त्या खुर्चीवर पाठमोरी, खिडकीकडे तोंड करून बसलेली होती. रागावली असेल असं त्याला वाटलं. रागावली की ती बोलायची नाही, बाहेर बघत बसायची. म्हणून मग तोच बोलत राहिला. पट्टा कसा आखूड निघाला, दुकानदार कसा मूर्ख आहे. त्याने दोन कप कॉफी ओतली. एक तिच्या कोपराशी ठेवला. कॉफी घे, गार होईल, असं तीनदा म्हणाला. शेवटी त्यालाही राग आला आणि तो म्हणाला, “बस मग अशीच.”

मग त्याने हॉकीची बातमी वाचली. सगळी. त्यानंतर केव्हातरी कप तसाच भरलेला दिसला आणि तो उठला.

हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी क्रिस्टाचा फोन आला, तेव्हा तो एवढंच म्हणाला की, तू ये. तिने काय झालं विचारलं. तो म्हणाला, फोनवर नाही.

७

क्रिस्टा सात तास गाडी चालवून शनिवारी सकाळी पोचली. वाटेत कुठेतरी थांबून तिने वेलदोड्याचा पाव आणला होता, आईला आवडायचा तो. आर्व्होने तिला कोटही काढू दिला नाही. बोळकांडीतच, भिंतीला टेकून, त्याने सगळं सांगितलं. शेड, पट्टा, कॉफी, हॉकी. मग कॅमेरा, वही, जोडी. तो थांबला तेव्हा क्रिस्टाच्या बुटांवरच्या बर्फाचं जमिनीवर पाणी झालं होतं.

ती त्याला वेडा म्हणाली नाही. पावाची पिशवी खाली ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, खुर्चीकडे एकदा बघितलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. आर्व्हो तिच्या शेजारी उभा राहिला.

ती खूप वेळ बघत होती.

“किती?” त्याने विचारलं.

“साठ,” क्रिस्टा म्हणाली.

कॅमेऱ्याच्या माथ्यावर छोटी काच असते, तिच्यातही तो आकडा उमटतो. आर्व्होला तो तिथून वाचता येत होता.

आठ.

क्रिस्टाने डोळा काढला, त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

“तिने मला फोन केला होता, बाबा. त्याच सकाळी. पावणेदहाला.”

आर्व्होने कॅमेऱ्यावरची नजर तिच्याकडे वळवली.

“शब्द एकमेकांत अडकत होते तिचे. मला वाटलं लाइन खराब आहे. मी मीटिंगला निघाले होते. मी म्हटलं, आई, आवाज तुटतोय, दुपारी करते. ती काहीतरी म्हणत होती आणि मी फोन ठेवला.” तिने ओठ दाबले. “तुम्ही म्हणालात तुम्ही जवळ होतात. मला एवढं बरं वाटलं होतं. म्हटलं, माझ्यामुळे काही अडलं नाही.”

आर्व्होने तिचा हात धरला. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला ‘असू दे’ म्हणालं नाही. म्हणण्यासारखं ते नव्हतंच. खिडकीबाहेर बारीक बर्फ भुरभुरायला लागला होता आणि फ्रिजची घरघर थांबली होती. ती कधी थांबली ते कळलं नाही, पण घर एकदम मोठं वाटायला लागलं.

“आई,” क्रिस्टा हळूच म्हणाली, खुर्चीकडे बघून. “आम्ही दोघं आहोत इथे. आता बघ ना आमच्याकडे.”

आर्व्होने का कोण जाणे, पण डोळा कॅमेऱ्याला लावला. कदाचित उघड्या डोळ्यांनी तिकडे बघवेना म्हणून. ठिपका त्या जागी होता. खाली आकडा होता. आठ.

लाकूड करकरलं. बसलेलं माणूस अंग वळवतं तेव्हा खुर्ची करते तेवढाच आवाज.

पंधरा.

आठ आणि सव्वाशेच्या मधला आकडा त्याने तिथे कधीच पाहिला नव्हता. त्याच्या हातातला क्रिस्टाचा हात घट्ट झाला. इतका घट्ट की नखं रुतली.

तीस.

गाल असेल हा. कानामागून गालापर्यंत आली असेल. पुढची पायरी साठ. इतके दिवस तो याच पायरीसाठी झुरला होता. आणि त्या क्षणी आर्व्हो केतोलाला कळलं की आपल्याला ते बघायचं नाही. त्या वीस मिनिटांत आणि त्यानंतरच्या हॉकीच्या बातमीत त्या चेहऱ्याचं काय काय होत गेलं असेल, ते त्याला बघायचं नव्हतं.

त्याने डोळे मिटून घेतले.

क्रिस्टाचा श्वास आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग लाकूड पुन्हा एकदा करकरलं, या वेळी उठताना करतं तसं.

त्याने डोळे उघडले तेव्हा आकडा सव्वाशे होता. त्याने ठिपका खुर्चीभर फिरवला, वर-खाली, मग सगळ्या स्वयंपाकघरभर. भिंत, कपाट, भिंत. क्रिस्टा मोरीशी उभी राहून कप धूत होती. सकाळपासून कुणी कॉफी घेतलीच नव्हती. ते कप स्वच्छ होते.

“काय दिसलं?” त्याने विचारलं.

ती कप धूत राहिली.

८

क्रिस्टा दोन दिवस राहिली. पाव तसाच पडून होता, शेवटी तिने तो पक्ष्यांना घातला. तिने आईचे कपडे पेट्यांत भरले, वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या फटी बुजवल्या, आर्व्होचे केस कापले. बोलणं त्या कामांपुरतंच झालं. निघताना तिने त्याला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली.

आर्व्हो अजूनही जोडीसाठी घरांचे फोटो काढतो. चांगले काढतो. बर्फ पांढरा येतो, खिडक्या जळत नाहीत. रोज दहा वाजता तो कॉफी करतो आणि खुर्चीच्या वर ठिपका लावून बघतो. सव्वाशे. मग उजेड कमी होईपर्यंत तो तिथेच बसतो, पाठ सरळ ठेवून. आता भीती वाटत नाही. भीती होती तेव्हा बरं होतं, असं त्याला वाटतं.

एप्रिलमध्ये सरोवरावरचा बर्फ फुटला, त्या रविवारी त्याने फोनवर विषय काढला. एवढे आठवडे त्याने तो टाळला होता. त्याने एवढंच विचारलं, “त्या दिवशी ती तुझ्याकडे बघून रागावली होती का?”

क्रिस्टा म्हणाली, “ती माझ्याकडे नव्हतीच बघत, बाबा. तुमच्याकडे बघत होती. बराच वेळ. तुमचे डोळे मिटलेले होते.”

आर्व्होने फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याला बसावंसं वाटलं, पण जवळ ती पिवळी खुर्चीच होती.

“चेहरा कसा होता तिचा?” त्याने विचारलं.

पलीकडे नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ सुरू होता. मग बंद झाला.

“जेवलात का तुम्ही?” क्रिस्टाने विचारलं.